प्रबंधातील उसनवारीचा हिशेब

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेसाठी बाहेरगावचे परीक्षक सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास किंवा अकोल्यास उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मधल्या वेळात एक माणूस ‘डॉक्टर’ होतो. विद्यार्थ्याचे आईवडील, सासरची मंडळी, ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवितो किंवा ज्या कचेरीत तो लिपिक आहे तेथील सहकारी, असे सारे सभागृहात येऊन बसलेले असतात. पडद्यावर आकृत्या सरकतात. परीक्षक दोन-तीन प्रश्न विचारतात. त्यांपैकी ‘या विषयाकडे आपण कसे वळलात’ हा एक हमखास असतो. मग शाल, श्रीफळ, पेढे आणि छायाचित्र. या सोहळ्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर निपजला त्या घराला हा आनंद साजरा करण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु ही परीक्षा नियमाने खुली ठेवलेली आहे, विभागातील अध्यापकांना, इतर संशोधक विद्यार्थ्यांना आणि विषयातील जाणकारांना तेथे बसता यावे अशी तरतूद आहे, ती काही पेढ्यांसाठी नव्हे. ज्या प्रबंधावर पाच-सहा वर्षे खर्ची पडली त्याचा जाब चारचौघांत द्यावा, हा तिचा हेतू होय. पुष्कळदा असे होते की जाब देणारा तयार असतो, मागणारा मात्र कोणी नसतो.

जाब कशाचा, हे आधी पाहिले पाहिजे. कोणताही प्रबंध बव्हंशी उसनवारीवर उभा असतो. पूर्वसूरींचे ग्रंथ, इतरांची आकडेवारी, दफ्तरखान्यातील कागद, शेतकऱ्याने सांगितलेला अनुभव, मार्गदर्शकाने सुचविलेली दिशा, हे सारे दुसऱ्याचे असते. त्यात संशोधकाची स्वतःची भर पसाभर. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्ञान असेच वाढते. खेड्यातील शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते तेव्हा ती चोर ठरत नाही, कारण नेली हे ती सांगते आणि किती नेली हेही तिच्या लक्षात असते. तळटीप आणि संदर्भसूची ही प्रबंधातील उसनवारीची वही आहे. ती वही खरी आहे काय, एवढेच मौखिक परीक्षेत मुख्यतः पाहावयाचे असते. संशोधन आणि प्रकाशन यांची नीतिमत्ता या भारदस्त शब्दांमागे एवढाच साधा व्यवहार आहे.

ही शिस्त विलायतेतून आली असे समजण्याचा प्रघात आहे. वऱ्हाडाने तरी तसे समजू नये. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक होय. म्हाइंभट स्वामींच्या सहवासातील माणसांकडे गेले, एकेकाला विचारले आणि मिळालेली आठवण नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. पुढे मूळ पोथी हरवली आणि ग्रंथ स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावा लागला. त्या वेळी या परंपरेने कोणाचा पाठ कोणता आणि दुसऱ्याच्या आठवणीत तो कसा वेगळा, हे नावानिशी नोंदवून ठेवले. पाठभेद दडपून एकच गुळगुळीत ग्रंथ करणे सोपे होते. श्रद्धावंतांना तेच रुचलेही असते. तसे केले गेले नाही. म्हणूनच वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडात जन्मलेल्या पंडिताला सातशे वर्षांनंतर, १९७८ साली, त्याची संशोधित आवृत्ती सिद्ध करता आली. मराठीतील ‘शोध’ या शब्दाचे ‘शुद्ध’शी असलेले नाते अशा ठिकाणी प्रत्ययास येते.

आधुनिक काळातील दोन उदाहरणे तर प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी. पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध १९२२ साली सादर केला. परीक्षकांनी आक्षेप घेतले व तो सुधारून द्यावा असे कळविले. त्यांनी १९२३ साली तो पुन्हा लिहून पाठविला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. वर्षअखेर लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने छापला. त्या ग्रंथाला प्रस्तावना आहे त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची. आणि तीत कॅनन यांनी ग्रंथातील बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. शिष्याने ती प्रस्तावना आनंदाने छापली. गुरूला आपले मत शिष्यावर लादावेसे वाटले नाही आणि शिष्याला गुरूचा मतभेद झाकावासा वाटला नाही. आज किती प्रबंधांच्या आरंभी मार्गदर्शकाचा मतभेद छापलेला आढळेल? तेथे आढळते ते ‘सदर संशोधन मौलिक आहे’ असे ठरीव नमुन्यातील प्रमाणपत्र.

दुसरी गोष्ट कोलंबिया विद्यापीठाची. तेथे त्या काळी प्रबंध नुसता मान्य होऊन भागत नसे. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दाखल केल्यावरच पीएच.डी. मिळे. आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली निघाला आणि कोलंबियाची पदवी त्यांना १९२७ साली मिळाली. वऱ्हाडातील पापळ या खेड्यातून विलायतेस गेलेले पंजाबराव देशमुख यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर तेथे डॉक्टरेट मिळविली. त्यांचा ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते हे गृहस्थ मुळात वेदवाङ्मयाचे संशोधक होते, याची आठवण कृषीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच असते. या दोन्ही उदाहरणांत छापणे म्हणजे संपूर्ण प्रबंध जगापुढे उघडा ठेवणे होते. सक्ती तेव्हाही होती. पण ती स्वतःला तपासून घेण्याची होती.

आपल्याकडे प्रकाशनाची सक्ती आली ती वेगळ्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली. छापील निबंधाला गुण मिळू लागले. २०१६च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात छापणे आणि परिषदांतून दोन निबंध वाचणे बंधनकारक केले. हेतू वाईट नव्हता. परंतु हजारो माणसांना एकाच मुदतीत छापील कागद हवा झाला, आणि जेथे गरज तेथे दुकान. काही हजार रुपये भरावेत, आठवड्याभरात ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात निबंध छापून यावा, सोबत प्रमाणपत्र मिळावे. परीक्षणाचे नाव, परीक्षण नाही. एखाद्या अंकात कबीर, कापूस, कर्करोग आणि क्रिकेट शेजारी शेजारी नांदताना दिसू लागले. ज्या शिक्षकाचा पगार घरभाड्यात आणि मुलांच्या शुल्कात संपतो त्यानेही हे पैसे भरले, कारण न भरण्याची किंमत त्याहून मोठी होती. त्याला एकट्याला गुन्हेगार ठरविणे सोपे आहे, न्याय्य नाही.

आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी काढली. तीत तीस हजारांहून अधिक नावे होती आणि विद्यापीठांनी शिफारस केलेली नावेही तीत घेतली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या नियतकालिकांची नमुना-तपासणी केली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते धक्कादायक होते: तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत. त्याच वर्षाच्या मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नावे काढून टाकली. म्हणजे ज्या विद्यापीठांनी पारख करावयाची त्यांनीच ही नावे पाठविली होती. यानंतर पुणे विद्यापीठातच प्रकाशननीतीचे केंद्र निघाले, २०१९ साली ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि त्याच वर्षाअखेर पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासात ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सर्वांना लागू झाला. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला काही दिले, हे नमूद केले पाहिजे.

पण याद्यांचे आयुष्य फार नसते. २०२२च्या नियमांतून प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले आणि नियतकालिक कसे निवडावे याची काही मार्गदर्शक गमके देऊन निर्णय विद्यापीठांवर सोपविला. या बदलाने अनेकांची तारांबळ उडाली. ‘आता कोठे छापावे?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा यादीने त्यांची विचार करण्याची सवयच काढून घेतली होती की काय, अशी शंका येते. आपल्या विषयात कोण काय लिहितो आणि कोठे लिहितो, हे ज्याला सहा वर्षांत कळले नाही त्याला यादीचा तरी उपयोग कितीसा?

यादीप्रमाणेच दुसरा आधार टक्क्यांचा. २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी पायऱ्या ठरविल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. दहाहून अधिक ते चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून देणे. त्यापुढे साठपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करण्यास बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह दिलेला मजकूर, सूची, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळले आहेत. लागोपाठ चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही वगळले आहे. नियम म्हणून ही व्यवस्था समजण्याजोगी आहे. प्रत्यक्षात मात्र दहा हा आकडा देव झाला. प्रबंध ‘नऊ टक्क्यांत बसला’ की विद्यार्थी, मार्गदर्शक आणि पीएच.डी. विभागातील लिपिक या तिघांचाही जीव भांड्यात पडतो. वाक्ये उलटीपालटी करून, ‘वृद्धी’च्या जागी ‘वाढ’ आणि ‘वाढ’च्या जागी ‘वृद्धी’ घालून टक्के उतरवून देणारेही भेटतात. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत, त्याचे नाव न घेता लिहिला तर यंत्र शून्य दाखवील. चोरी मात्र पुरी झालेली असेल.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधांच्या बाबतीत तर यंत्राची अडचण मूळचीच आहे. पूर्वीचे कित्येक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले आहेत. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. काही प्रबंध तर नुसत्या पानांच्या चित्रांच्या रूपात जतन झाले आहेत. अशा प्रबंधातून उचललेले प्रकरण नव्या प्रबंधात युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केले की साम्य सापडण्याची शक्यता फारच कमी. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथाचे भाषांतर करून ते आपले म्हणून खपविणाऱ्याचीही तीच सोय. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेखाली विद्यापीठांना तपासणीची आज्ञावली मिळाली, ‘शोधगंगे’वर प्रबंध कोणालाही वाचावयास खुले झाले, या दोन्ही गोष्टी उपकारकच आहेत. पण मराठी प्रबंधाची उसनवारी पकडावयाची तर तो विषय वाचलेला माणूसच लागतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. ती अस्खलित परिच्छेद लिहून देते आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे, पृष्ठांकांसह, तितक्याच अस्खलितपणे पुरविते. सूचीतील दहा नोंदी उघडून पाहण्याचे कष्ट परीक्षकाने घेतले तर हा प्रकार तासाभरात उघडा पडतो. तो तास कोणी द्यावयाचा, हाच प्रश्न आहे.

शब्दांची चोरी निदान ग्रंथालयात राहते. आकड्यांची लबाडी शेतात जाते. अकोल्यात एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे कृषी विद्यार्थी दरवर्षी प्रक्षेत्रावर चाचण्या लावतात. एकाच प्रयोगाच्या अनेक पुनरावृत्ती, प्रत्येक वाफ्याचे वजन, प्रत्येक बोंडाची मोजणी. पाऊस ओढ देतो, नाही तर नको तेव्हा कोसळतो. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, तसे एखादे वर्ष विद्यार्थ्याच्या वाट्यास आले की त्याचे सारे गणित कोसळते. अशा वेळी दोन मार्ग असतात. ‘या पुनरावृत्ती नष्ट झाल्या’ असे लिहावे आणि एक हंगाम अधिक घालवावा. किंवा शेजारच्या वाफ्याच्या आकड्यांवरून हे आकडे ‘बसवावेत’. दुसरा मार्ग घेणाऱ्यास कोणतेही यंत्र पकडू शकत नाही. किंबहुना बनविलेले आकडे खऱ्या आकड्यांपेक्षा अधिक सुबक असतात. पण ज्या वर्षी अळीने पीक खाल्ले त्या वर्षीचा खरा तक्ता हाच शेतकऱ्याच्या सर्वांत उपयोगाचा असतो, हे विसरले जाते.

कापसाच्या पट्ट्याने अशा गोष्टीची किंमत मोजलेली आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आणि धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या सहभागातून ‘बिकानेरी नरमा’ हे सरकारी बीटी वाण २००९ साली बाजारात आले. खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्याप्रमाणे ते दरवर्षी विकत घ्यावे लागणार नव्हते. घरचे बी राखून पुन्हा पेरता येणार होते. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून मोठी बातमी कोणती? पण त्या बियाण्यात मॉन्सॅन्टो कंपनीचाच जनुकघटक असल्याचे पुढे आले आणि विक्री थांबवावी लागली. सोपोरी समितीने २०१२ साली आपल्या अहवालात तो घटक असल्यास दुजोरा दिला. प्रयोगशाळेतील हयगय कोणाची व किती, या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु शास्त्रीय निबंधात, अहवालात आणि पिशवीवरील चिठ्ठीत जे लिहिले ते प्रत्यक्षाशी वेळीच ताडून पाहिले गेले नाही, आणि स्वस्त बियाण्याची एक आशा मावळली, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

समाजशास्त्रे आणि अर्थशास्त्र यांतील प्रबंधांपुढे आणखी एक प्रश्न उभा आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या हा विषय कितीतरी विद्यार्थ्यांनी निवडला आहे. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन त्या घरी जातो. नवरा कसा गेला, कर्ज कोणाचे होते, सावकाराचे किती, मुलीचे लग्न राहिले आहे काय, हे तो त्या बाईला विचारतो. ती सांगते, कारण आलेला मुलगा शिकलेला आहे, त्याच्या हातात कागद आहे, कदाचित सरकारी मदत मिळेल, असे तिला वाटते. तिच्या या समजुतीचा गैरफायदा घेतला गेला काय, हे प्रबंधात कोठे लिहिलेले असते? पुढे गावाचे नाव, जमिनीचे क्षेत्र, कर्जाची रक्कम, मृत्यूचा महिना, मुलांची संख्या हे सारे तक्त्यात छापले जाते आणि प्रबंध महाजालावर जातो. तिचे नाव दिलेले नसते. पण दीड हजार वस्तीच्या गावात एवढ्या तपशिलावरून घर ओळखू येण्यास नाव कशाला हवे? तिला आधी समजावून सांगितले होते काय, तिची संमती घेतली होती काय, तिने एखाद्या प्रश्नाचे उत्तर नाकारले तेव्हा ते नाकारणे नोंदविले काय, हे मौखिक परीक्षेत विचारावयास काहीच हरकत नाही. प्रश्नावल्या खरोखर भरल्या होत्या की वसतिगृहात बसून, हेही त्यावरून कळते. जो त्या अंगणात बसून आला आहे त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते. जो गेलाच नाही तो टक्केवारी वाचून दाखवितो.

मार्गदर्शकाच्या नावाचाही एक गुंता आहे. विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधावर मार्गदर्शकाचे नाव असलेच पाहिजे, अशी रूढी अनेक विभागांत रुजली आहे. कोठे कोठे विभागप्रमुखाचे, आणि क्वचित ज्यांचा विषयाशी संबंध नाही अशांचेही नाव येते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाची कसोटी स्पष्ट सांगितली आहे. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत भाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी, या चारही गोष्टी हव्यात. चौथी अट महत्त्वाची. चूक निघाली तर ‘ते विद्यार्थ्याने केले’ असे म्हणावयाचे असेल तर श्रेय घेताना नाव पुढे करता येत नाही. वर्षानुवर्षे रात्री जागून विद्यार्थ्यांची प्रकरणे ओळ न् ओळ दुरुस्त करणारे आणि निबंधावर आपले नाव घालू न देणारे अध्यापक वऱ्हाडातही आहेत. गुणांकाच्या कोष्टकात त्या रात्रींना रकाना नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता एम.ए., एम.कॉम.च्या विद्यार्थ्यालाही संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे जी शिस्त तिशीतल्या माणसाला जड गेली ती बाविशीतल्या मुलामुलींकडून अपेक्षिली जाणार आहे. आणि आधीच्या वर्षीचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून पुन्हा सादर होण्याचा धोका प्रत्येक महाविद्यालयात आहे. विषय लहान घ्यावा, एका बाजार समितीच्या पाच वर्षांच्या कापूस-आवकेपुरता किंवा एका गावाच्या पाण्यापुरता. आकडे कोठून, कोणत्या तारखेला उतरवून घेतले ते लिहावे. आणि शेवटी वीस मिनिटे समोर बसवून विचारावे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी यादी लागत नाही, आज्ञावली लागत नाही. अध्यापकाकडे वीस मिनिटे लागतात. रिक्त पदांच्या या काळात तीच दुर्मीळ झाली आहेत, हेही खरे.

रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ २०२४ पासून सुरू झाले आहे. ज्या गावात म्हाइंभटांनी आठवणी पारखून घेतल्या त्याच गावाहून मराठीतील प्रबंध येऊ लागतील तेव्हा त्यांची तपासणी करणारे परीक्षक कोण असतील, जुन्या टंकांतील प्रबंध वाचता येतील अशा स्वरूपात आणण्याचे काम कोण हाती घेईल, आणि यादी संपल्यानंतर मराठी नियतकालिकांची पारख करणारी समिती कोणत्या विद्यापीठात बसेल, हे अद्याप ठरावयाचे आहे.